वडोदऱ्याला दिसणारी झोप

चामटोली, बदलापूर
१२ जानेवारी २०२५

हितेश,

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, आणि मेल केला तर तू वरची ओळ वाचून पुढे सरकतोस हे मला माहीत आहे. कागद फाडून टाकायचा म्हटलं तरी आधी हातात धरावा लागतो. तुझा पत्ता आईच्या मशीनच्या खोक्यावर चिकटवलेला होता, तिथून घेतला. सख्ख्या भावाचा पत्ता कुरियरच्या चिठ्ठीवरून उतरवून घ्यायची वेळ आली, यावर जास्त बोलत नाही.

कामाचं लिहिते. आईच्या डाव्या कानाचं ऑपरेशन करायचं आहे. पडद्याला भोक आहे. कान वर्षानुवर्षं वाहतो हे तुला ठाऊक आहे. शेजारच्या बनूबाईचं लसणीचं गरम तेलही आठवत असेल, कारण ते तिने तुझ्याही कानात ओतलं होतं आणि तू दिवसभर आंब्यावर चढून बसला होतास. आजवर आईचं उजव्या कानावर भागत होतं, आता तोही मंद झालाय. नोव्हेंबरात खरवईला एका हळदीत आई आणि भागीरथीमावशी लग्नाचे धवले गायला बसल्या. मावशीने ओळ सोडायची आणि आईने ती उचलायची, दोघींचं असंच चालत आलंय. त्या दिवशी मावशीची ओळ संपली हे आईला समजलंच नाही. मावशीने पुन्हा म्हटली. आई तिच्या तोंडाकडे बघत बसली. करवलीच्या हातातली हळद हातातच राहिली आणि मागून कोणीतरी पोरगी हसली. त्यानंतर दोन घरांनी दुसरी धवलारीन बोलावली. आई म्हणते, डीजेच्या आवाजामुळे झालं. तिच्याकडे बघवत नाही रे.

आपल्या आगऱ्यांत धवलारणीच्या गाण्यावाचून हळद लागत नाही. आजूबाजूच्या गावांतली निम्मी लग्नं आईने गाऊन लावली, आणि तिच्याच मुलाने दोन वर्षांपूर्वी वडोदऱ्याच्या कचेरीत सह्या करून चैत्रालीशी लग्न केलं. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलास, आणि खाली लिहिलंस की ती गाणी आता कोणाला कळतात. आई त्यावर आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही. बाबांनी मात्र विहिरीवर जाऊन सगळ्या आळीदेखत, कपड्यांसकट, तुझ्या नावाने आंघोळ केली. तेव्हापासून ते तुझं नाव घेत नाहीत. 'तो वडोदऱ्याचा' म्हणतात, तेही मिशीवर हात फिरवत, म्हणजे पुढे कोणी तोंड उघडू नये. चैत्रालीवर माझा राग नाही, मी तिला ओळखतच नाही.

गेल्या वर्षी आईच्या झोपेची तपासणी झाली, झोपेत तिचा श्वास थांबतो हे कळलं, आणि तू मशीन पाठवलंस. चांगलं केलंस. मी फोनवर म्हटलं की मशीन पाठवून मुलगा होता येत नाही, त्यावर तू मला ब्लॉक केलंस. ते वाक्य मी अजून मागे घेतलेलं नाही.

आता अडचण ऐक. कानाचे डॉक्टर उल्हासनगरला आहेत. ते म्हणतात, ऑपरेशननंतर काही आठवडे मशीन पूर्ण बंद. ते नाकात जोराने हवा सोडतं, ती हवा नाकामागच्या नळीतून कानात चढते, आणि बसवलेला नवा पडदा उचकटतो. छातीचे डॉक्टर बदलापूरला आहेत. ते म्हणतात, ही बाई झोपेत इतक्या वेळा गुदमरते की मशीनशिवाय एक रात्रही ठेवू नका. मी यांना विचारलं की ते म्हणतात त्यांना विचारा, आणि त्यांना विचारलं की ते म्हणतात सर्जनना विचारा. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे पाहुण्याच्या श्वासाचा प्रश्न आहे. माझ्या सगळ्या रजा रिक्षात गेल्या. अंबरनाथच्या कंपनीतला आमचा साहेब आता मला बघितलं की कॅलेंडरकडे बघतो.

मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. पहिली, मशीनचा सहा महिन्यांचा रिपोर्ट. तो छातीच्या डॉक्टरांना बघायचाय, आणि तो तुझ्या मोबाईलवरच्या ॲपमध्ये आहे, कारण मशीन तू तुझ्या नावावर जोडलंस आणि पासवर्डही तुझाच. झोपते आई आणि तिची झोप दिसते वडोदऱ्याला, असा हा कारभार आहे. मशीन बसवायला आलेल्या माणसाने तिला सांगितलं होतं की याच्या पोटात सिम आहे, तुम्ही झोपलात की तुमच्या मुलाला दिसतं. ते तिने इतकं मनावर घेतलंय की रोज सकाळी मास्क काढला की चहाच्या आधी मला विचारते, "गेला काय त्याच्याकडं?" मी म्हणते, गेलं. मग ती तोंड धुवायला जाते.

दुसरी गोष्ट, आईला एक फोन कर. मशीन बंद राहणार आहे हे मला कळलंय, एवढंच म्हण. का ते पुढच्या वेळी लिहीन. उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं.

जिज्ञासा


चामटोली
२६ जानेवारी २०२५

हितेश,

रिपोर्ट मिळाला. मेल उघडला तर आत नुसती फाईल. वर नाव नाही, खाली नाव नाही, विषयाच्या जागीसुद्धा काही नाही. म्हणजे पत्र तुला मिळालं आणि तू ते वाचलंस. रिपोर्टबद्दल आभार. फोन आला नाही.

तो रिपोर्ट घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वाचला, मान हलवली आणि म्हणाले, यावरून तर मशीन बंद करता येणारच नाही, तुम्ही सर्जनशी बोला. माझं डोकं फिरलं. मी त्यांच्यासमोरच उल्हासनगरच्या डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या टेबलावर मधोमध ठेवून दिला. म्हटलं, तुम्ही दोघं बोला, मी बाहेर बसते. बाहेर कसली बसते, दारातच उभी राहिले. आधी थोडा वेळ 'सर, सर' झालं. मग दोघं एकाच कॉलेजचे निघाले. मग कुणा प्राध्यापकांची आठवण निघाली. आणि त्यानंतर पाच मिनिटांत सगळं ठरलं. पूर्ण भूल द्यायची नाही, कान तेवढा बधिर करायचा. दोन रात्री दवाखान्यात नजरेखाली ठेवायचं. मशीन तीन-चार आठवडे बंद. तेवढे दिवस उतरत्या गादीवर, अर्धवट बसल्यासारखं, उजव्या कुशीवर झोपायचं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा, गुंगीचं औषध, अगदी खोकल्याचंसुद्धा, घ्यायचं नाही. कानाची तपासणी झाली की मशीन पुन्हा सुरू, पण कमी दाबावर.

महिनाभर मी जे दोन गावांच्या मध्ये उन्हातान्हात शोधत होते ते एका फोनमध्ये होतं. वर डॉक्टर मला म्हणाले, अहो मॅडम, तुम्ही आधीच फोन का नाही जोडून दिलात? मी काही बोलले नाही, कारण आईचं अजून त्यांच्याकडे काम आहे.

उतरती गादी तयार मिळेना, म्हणून उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात फोम कापून घ्यायला गेले. तिथल्या सिंधी शेठला उंची सांगितली तर म्हणाला, "साईं, अम्मा को सुलाना है कि बिठाना है?" मी म्हटलं, दोन्ही. त्याने कापून दिली. चांगला माणूस होता, वर खोळही शिवून दिली.

सगळं ठरल्यावर घरी आले आणि आईला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, ऑपरेशन नको. मी म्हटलं का, तर म्हणे कान असाच बरा आहे. मग खरं बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण ते तुझ्यासाठीच आहेत: "मी मशीन नाय बंद कराची. बंद केला तं त्याला वाटंल, आई मेली."

हे तुला पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. मला वाटलं होतं तू फोन करशील आणि लिहावं लागणार नाही. ती ते मशीन श्वासासाठी लावतच नाही रे. मास्कने नाकावर वळ उठतात, तोंड कोरडं पडतं, उन्हाळ्यात घामाने पट्टे चावतात, पण एक रात्र तिने चुकवली नाही. तुला दिसतं म्हणून लावते. दोन वर्षांत तुझ्या-तिच्यात एवढंच बोलणं उरलंय, आणि तेही हवेचं. मी सांगितलं की मी त्याला कळवलंय. तर म्हणे, "त्याच्या तोंडून आयकाला दे."

बाबा ओटीवर कोयत्याला धार लावत होते. ते यातलं काही ऐकत नाहीत असं दाखवतात आणि सगळं ऐकतात. मशीनला ते 'भोंगा' म्हणतात. त्याच्या आवाजाने झोप येत नाही म्हणून त्यांनी आपली खाट ओटीवरच्या खोलीत नेली, आणि घर झाडतानासुद्धा त्याला हात लावत नाहीत, भोवतीने झाडतात. आईचं बोलणं ऐकून ते उठले, कोयता खुंटीला अडकवला आणि वाडीत निघून गेले. धार अर्धीच झाली होती.

शेवटी भागीरथीमावशीने आईला तयार केलं. ती म्हणाली, सगुणे, तुला आयकाला नाय येत तर मी एकटी कोनासाठी ओल सोडू? आई हो म्हणाली. तारीख अकरा फेब्रुवारी. पण मशीन बंद ठेवीन असं ती अजून म्हणालेली नाही, आणि मला तिची धास्ती वाटते. चोरून लावलं तर पडदा जाईल, आणि पडदा गेला तर दुसऱ्यांदा ती ऑपरेशनला बसणार नाही, हे लिहून ठेव.

एक फोन, हितेश. बाबांचा राग तू बाबांशी काढ.

जिज्ञासा


चामटोली
१६ फेब्रुवारी २०२५

हितेश,

ऑपरेशन झालं. चांगलं झालं असं डॉक्टर म्हणतात. कानामागून एक पातळ पापुद्रा काढून त्याचा पडदा बसवला. आई सगळा वेळ जागी होती. हलायचं नाही म्हणून तिने मनातल्या मनात एक आख्खं लग्न लावलं म्हणे, हळदीपासून पाठवणीपर्यंत. पाठवणी संपायच्या आत टाके घालून झाले, यावर ती खूश आहे.

तुझा फोन आला नाही. ऑपरेशनच्या सकाळीही नाही. तिला चाकाच्या खुर्चीतून आत नेताना तिने मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, चार्ज असू दे. एवढंच लिहिते, बाकीचं तुझं तू समज.

दवाखान्यातल्या दोन रात्री ठीक गेल्या. घरी आल्यावर खरं सुरू झालं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, कळशी उचलायची नाही, कानाला पाणी नाही. उताणं झोपलं की श्वास अडकतो आणि डाव्या कुशीवर झालं की कान दाबतो, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. तिच्या पाठीला मी धोतर गुंडाळून त्याची पुरचुंडी बांधली आहे, उताणी झाली की टोचते आणि ती वळते. सकाळी डोळे तांबारलेले असतात. दिवसा बसल्या बसल्या पेंगते आणि मग दचकून विचारते, मी घोरले का.

चहाच्या आधीचा तो प्रश्न ती आता विचारत नाही. मशीन जिथे असायचं त्या कोपऱ्याकडे बघते आणि तोंड धुवायला जाते.

मशीन मी तिच्या खोलीतून काढून बाबांच्या खाटेखाली ठेवलंय. तिने चोरून लावू नये म्हणून घरात एवढी एकच सुरक्षित जागा होती. जो माणूस त्या वस्तूकडे बघतसुद्धा नाही त्याच्या खाली ती वस्तू. बाबांना सांगितलं, आईला हात लावू देऊ नका. ते हूं म्हणाले.

मी आता तुला फोन कर म्हणून सांगणार नाही. भिंतीला सांगून झालं, आता दाराला सांगते असं वाटायला लागलंय. फक्त हे ध्यानात ठेव की तुझ्या मोबाईलवर हे दिवस कोरे दिसतील, ते डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. काळजी वाटली तर विचारायला तुला तोंड आहे.

जिज्ञासा


चामटोली
२ मार्च २०२५

हितेश,

तुझा मेल आला. ब्लॉक केल्यानंतरचा तुझा पहिला निरोप, आणि तो काय, तर 'आईचं मशीन छान चाललंय. श्वास थांबण्याचा आकडा जवळपास शून्य आहे, इतका चांगला कधीच नव्हता. फक्त हवा खूप गळतेय, लाल दाखवतंय. मास्कचा साइज बदलून घे.'

मी कंपनीत पॅकिंगच्या टेबलाशी उभी होते. दोनदा वाचलं. चालतंय? मी तुला स्पष्ट लिहिलं होतं की बंद आहे. तू माझी पत्रं वाचतोस की नुसती मोजतोस? आणि मशीन चालत असेल, तर आई माझ्या पाठीमागे रोज रात्री हवा ओढते आहे आणि कानातला पडदा गेला, एवढाच त्याचा अर्थ होत होता.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले आणि आईला खूप बोलले. मी तिच्यावर एवढी कधीच ओरडले नव्हते. बाबा ओटीवर होते, शेजारी बनूबाई पापड वाळत घालत होती, मी कोणाचीही भीड ठेवली नाही. तुझा मेल मोठ्याने वाचून दाखवला, हवा गळतेय, लाल दाखवतंय, मास्क नीट बसत नाही, सगळं. म्हटलं, तुला मुलाला दाखवायचंय ना, मग बहिरी होऊन दाखव. आई उठली. मग देवळीतल्या देवावर हात ठेवून म्हणाली, "मी नाय लावला." मी म्हटलं, मग काय मशीन आपोआप श्वास घेतं? ती रडायला लागली, आणि रडताना नाक शिंकरायचं नाही म्हणून पदराने नुसतं टिपत राहिली. ते बघून मला आणखीच राग आला, कोणाचा ते सांगता येणार नाही.

त्याच संध्याकाळी तिला उल्हासनगरला नेलं. डॉक्टरांनी कानातली पट्टी काढून दुर्बिणीतून पाहिलं. पडदा जागेवर आहे, छान धरलाय, हवा गेल्याची एकही खूण नाही म्हणाले. मी तुझा मेल दाखवला. ते म्हणाले, मशीनमध्ये बिघाड असेल, कंपनीला कळवा.

परतताना रिक्षात आई उजव्या बाजूला बसली होती, मी डाव्या, म्हणजे तिच्या बांधलेल्या कानाच्या बाजूला. मी माफी मागितली ती तिला ऐकू आली की नाही, मला माहीत नाही.

तर आता एक तर मशीन बिघडलंय, नाही तर तुझं ॲप. मशीन बाबांच्या खाटेखाली आहे, तिथून हललेलं नाही. तू इंजिनिअर आहेस, बघ काय ते. पण तुझ्या त्या शून्यापायी मी माझ्या आईला तिच्याच देवासमोर खोटं ठरवलं, हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे.

जिज्ञासा


चामटोली
९ मार्च २०२५

हितेश,

हे पत्र बसून वाच. चैत्राली घरात असेल तर तिलाही ऐकव.

काल शनिवार, मी दुपारी घरी आले तर अंगणात चपला. महिपतीकाका डोक्याला टोपी घालून ओटीच्या पायरीवर बसलेले. कौसाबाई फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि पिठलं घेऊन उभी. आणखी चार-पाच माणसं, सगळी गप्प. मला पाहून कौसाबाईने डोळ्यांना पदर लावला. भाकऱ्या बांधून आपल्याकडे कोणत्या घरी नेतात ते तुला माहीत आहे. मला वाटलं, आई गेली. रात्री श्वास अडकला आणि मला कळलं नाही.

आत धावले तर आई चुलीपाशी तांदूळ निवडत बसलेली. तिलाही काही कळेना, ती म्हणाली ही माणसं कशाला आली विचार.

तेवढ्यात बाबा खोलीतून बाहेर आले. हितेश, बाबांनी मिशी काढली होती. आजोबा गेले तेव्हा त्यांनी ती उतरवली होती, त्यानंतर तिला वस्तरा लागला नव्हता. मी लहान होते, मला ते तोंड आठवतसुद्धा नव्हतं. वरचा ओठ पांढराफटक, कोणा दुसऱ्याच माणसाचा लावल्यासारखा. सकाळी ते बदलापूरला जाऊन सलूनमध्ये बसले होते, तिथे कोणीतरी पाहिलं, आणि गाव हां हां म्हणता आमच्या दारात येऊन उभं राहिलं. जनूने मिशी काढली म्हणजे घरात माणूस गेलं, यात कोणाला शंका येणार?

महिपतीकाकांनी विचारलं, जनू, कोन गेला?

बाबा उभे होते. त्यांच्या दोन्ही गालांवर पट्ट्यांचे वळ होते, डोळ्यांखालून कानापर्यंत. तसेच वळ मी वर्षभर रोज सकाळी आईच्या गालांवर बघत आले आहे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"कोन नाय मेला," बाबा म्हणाले. "मिशीतून हवा जातं. तिकडं पोरगा बगतं."

कोणालाच काही समजलं नाही. कौसाबाई भाकऱ्यांचं फडकं हातात धरून तशीच उभी. मला समजलं, आणि आत आईला समजलं. डाव्या कानाने ऐकलं की उजव्या, मला विचारू नकोस. ती तांदळाचं सूप खाली ठेवून दारात आली, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "आन मना नाय सांगितला." बाबा म्हणाले, सांगितला असता तर तू लावू दिला नसतास. मग महिपतीकाकांना म्हणाले, आलाच आहेस तर चहा पिऊन जा.

सगळं मी नंतर त्यांच्याकडून काढून घेतलं, तुकड्या-तुकड्याने. आई म्हणाली होती ना, बंद केलं तर त्याला वाटेल आई मेली, ते त्यांनी ऐकलं होतं. तू फोन करशील म्हणून तेही वाट बघत होते. हे त्यांनी कबूल केलं नाही, पण आईचा मोबाईल चार्जिंगला कोण लावत होतं ते मला आता कळलं. फोन आला नाही. आई दवाखान्यातून घरी आली त्या रात्रीपासून त्यांनी मास्क लावला. कसा लावायचा हे त्यांना ठाऊक होतं. ज्या वस्तूकडे बघत नाहीत म्हणून मी ती त्यांच्या खाटेखाली ठेवली, ती ते वर्षभर दाराआडून बघत आले होते. चोराच्याच हाती मी किल्ल्या दिल्या म्हणायच्या.

तुझा तो शून्य आकडाही त्यांना विचारला. ते म्हणाले, त्या वाऱ्यात झोप कुठली लागायला, नुसता पडून असतो. समजलं तुला? श्वास एकदाही न थांबता झोपलेली जी आई तुला दिसत होती, ते बाबा होते, आणि ते झोपलेच नव्हते. तू लिहिलंस हवा गळतेय, लाल दाखवतंय. मी ते ओरडून वाचलं, आईला लागावं म्हणून. ते लागलं ओटीवर. आठवडाभर त्यांनी पट्टे आवळून बघितले, म्हणून ते वळ. मग कळलं की पट्ट्यांचा दोष नाही, मिशीचा आहे.

ज्या माणसाने तुझ्या नावाने भर आळीत आंघोळ केली त्याने तुझ्या मोबाईलवरचा लाल रंग जावा म्हणून मिशी काढली. मला रडू आलं आणि रागही आला. इतके दिवस घरात दोन माणसं एका माणसासाठी जागत होती आणि मी एकीवर ओरडत होते. आणि तो माणूस तिकडे मास्कचा साइज बदला म्हणून कळवत होता. तुम्ही तिघंही ताकाला जाऊन भांडं लपवणारे, आणि पळापळ माझी.

भाकऱ्या कौसाबाई परत नेईना, त्या परत नेत नाहीत म्हणे. आम्ही सगळ्यांनी त्या खाल्ल्या. कोणी मेलेलं नसताना सुतकाचं पिठलं पहिल्यांदाच खाल्लं, छान झालं होतं. आई आणि भागीरथीमावशी संध्याकाळी ओटीवर बसल्या होत्या. मावशीने हळू आवाजात एक ओळ सोडून बघितली. आईने उचलली. पूर्ण नाही, थोडी मागून, पण उचलली.

आता कामाचं. आज सकाळी दोन्ही डॉक्टरांचं फोनवर झालं, या वेळी त्यांनी आपणहून एकमेकांना फोन केला. उद्यापासून आईचं मशीन कमी दाबावर पुन्हा सुरू होतंय. म्हणजे उद्यापासून तुझ्या मोबाईलवर हवा गळायची थांबेल आणि श्वास थांबण्याचा आकडा वाढलेला दिसेल. घाबरू नकोस. ती आई आहे.

मी मशीन बाबांच्या खाटेखालून काढून आईच्या खोलीत नेत होते, तेव्हा ते खाटेवर बसले होते. मास्क त्यांनी धुऊन, पुसून, पट्टे नीट गुंडाळून ठेवला होता. मला वाटलं सुटले, आता झोपतील. ते त्या उघड्या ओठावरून हात फिरवत म्हणाले, "मंग आता त्याला माजा काय दिसाचा नाय."

त्यांचा मोबाईल उशाशी असतो, आणि नंबर तोच आहे.

ताई